वाचक विचारतात : साथ ओसरली, सवयी उरल्या का?

करोनाच्या महासाथीने घराघरांत आणलेल्या स्वच्छतेच्या सवयींपैकी आज काय उरले आहे आणि काय उरायला हवे, याविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे दिली आहेत. जागेच्या मर्यादेमुळे पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : २०२० च्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत प्रत्येक दारापुढे बादली, तांब्या आणि साबणाची वडी होती. आज त्या जागी पुन्हा फक्त चपला आहेत. महासाथीमुळे माणसांची वैयक्तिक स्वच्छता सुधारते, असे त्या वेळी सगळेच म्हणत होते. हा निव्वळ भाबडेपणा होता, असे समजायचे का?
(एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : भाबडेपणा नव्हता, पण ते विधान अर्धेच खरे होते. सुधारणा होते याचा चांगला पुरावा मेक्सिकोतून मिळतो. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ प्रथम तिथे ध्यानात आली आणि सरकारने हात धुण्याचा मोठा प्रचार केला. पुढे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी तिथल्या रुग्णनोंदी तपासल्या, तेव्हा ज्या भागांत फ्लूचा जोर अधिक होता, त्याच भागांत लहान मुलांच्या जुलाबांचे प्रमाण अधिक घटलेले आढळले आणि ही घट साथ संपल्यावरही सुमारे तीन वर्षे टिकली. फ्लू हा श्वसनमार्गाचा आजार आणि जुलाब पोटाचा. एकाच्या भीतीने दुसरा कमी झाला, याचे सर्वांत सरळ स्पष्टीकरण म्हणजे लोकांचे हात खरोखरच अधिक स्वच्छ झाले होते.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयात, खोलीत शिरताना आणि बाहेर पडताना कर्मचाऱ्यांनी हात स्वच्छ केले की नाही, याची नोंद यंत्राद्वारे होते. मार्च २०२० च्या अखेरीस हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले होते. ऑगस्टच्या मध्यापर्यंत ते पुन्हा ५० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साथीपूर्वी होते जवळपास तिथेच, येऊन थांबले. ही माणसे डॉक्टर आणि परिचारिका होती, हात का धुवायचे हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती आणि करोना तर तेव्हा जोरातच होता. त्यामुळे आपल्या गल्लीतील शेजाऱ्यांना फार दोष देऊ नये, असे मला वाटते.

पुण्यानेही हा अनुभव आधी घेतला होता. स्वाइन फ्लूने भारतातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला. त्यानंतर शहरात मुखपट्ट्यांची टंचाई झाली, शाळा बंद झाल्या आणि जो तो नाकाला रुमाल बांधून फिरू लागला. पुढच्या वर्षी यातले फारसे काही दिसत नव्हते. भीती माणसाला बेसिनपर्यंत आणते, पण तिथे साबण, पाणी आणि वेळ या तिन्ही गोष्टी रोज हाताशी नसतील तर भीती ओसरताच तो पूर्वीच्या वाटेने जातो. कराचीच्या झोपडपट्ट्यांत झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कुटुंबांना नियमितपणे साबण पुरवला गेला आणि कार्यकर्ते दर आठवड्याला घरी जात राहिले. तिथे पाच वर्षांखालील मुलांमधील न्यूमोनियाचे प्रमाण निम्म्यावर आले. साधा साबण आणि जंतुनाशक म्हणून विकला जाणारा साबण यांच्या परिणामांत फरक आढळला नाही, हेही त्याच प्रयोगातून कळले. महागडा साबण घेणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आपल्याकडे सुधारणेला वाव नेमका कुठे आहे, हेही सांगतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६ व्या फेरीत, म्हणजे २०१८ मध्ये, शौचानंतर साबणाने हात धुणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण ७४.१ टक्के होते, तर जेवणापूर्वी साबण लावणाऱ्यांचे अवघे ३५.८ टक्के, ग्रामीण भागात तर ते २५.३ टक्केच होते. आपण हाताने जेवणारी माणसे आहोत. तरीही जेवणापूर्वी बोटे नळाखाली धरून झटकतो आणि जेवण झाल्यावर मात्र तेलकटपणा जावा म्हणून साबण लावून हात धुतो. दारापुढची बादली गेली तर फारसे बिघडले नाही. पान वाढण्यापूर्वी घरातले किती जण साबणाला हात लावतात, ते पाहावे. साथीने काय शिकवले याची खरी परीक्षा तिथे होते.

प्रश्न : बाहेरून आल्यावर पाय धुणे, चपला दाराबाहेर काढणे, भांड्याला ओठ न लावता वरून पाणी पिणे, हे सर्व आपल्या पूर्वजांनी सांगितलेच होते. करोनाने सोवळ्या-ओवळ्याचे शास्त्रीय महत्त्व सिद्ध केले, असे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एका व्याख्यात्यांनी सांगितले. आपले मत काय?
(एक ज्येष्ठ नागरिक, पुणे)

उत्तर : आपण सांगितलेल्या तिन्ही सवयी उत्तम आहेत. माठातून पाणी घेण्यासाठी बाहेर टांगलेले ओगराळे वापरायचे, हात बुडवायचा नाही, हीदेखील तशीच शहाणी रीत. त्या जरूर टिकवाव्यात. परंतु त्यांच्या आधारे सोवळ्याची पाठराखण करता येणार नाही. सोवळ्यात प्रश्न असतो तो स्पर्श कोणाचा, हा. त्या माणसाच्या हातावर काय आहे, हा नव्हे. स्वच्छ आंघोळ करून आलेली व्यक्ती जन्मामुळे ओवळी ठरे आणि वर्षातून क्वचितच पाणी लागलेला रेशमी मुकटा नेसलेली व्यक्ती स्वयंपाकघरात शुद्ध ठरे. जंतूंना ही विभागणी कळत नाही. शिवाय त्या प्रथेने समाजातील मोठ्या वर्गाला पाणवठ्यापासूनच दूर ठेवले. ज्याला पाणी मिळू दिले नाही त्यालाच अस्वच्छ म्हणायचे, हा त्यातला अन्याय विसरून चालणार नाही.

मुंबईच्या प्लेगचा इतिहास या संदर्भात आठवण्याजोगा आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात, मूळचे गोव्यातील हडफडे गावचे असलेले डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी हा आजार प्रथम ओळखला. त्यानंतर प्रशासनाने केले ते सगळे स्वच्छतेच्याच नावाने केले. गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल सोडले, घरांना चुना फासला, छपराची कौले उतरवून ऊन आत येऊ दिले आणि लोकांचे सामान रस्त्यावर काढून जाळले. पुण्यात घराघरांत शिरून होणाऱ्या सक्तीच्या तपासण्यांनी संताप एवढा वाढला की, २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आणि एवढे करूनही रोग आटोक्यात आला नाही, कारण प्लेग उंदरांवरील पिसवांमधून पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे स्वच्छतेचा उत्साह कितीही असला, तरी रोग कोणत्या वाटेने येतो हे ठाऊक नसेल, तर ती वाट मोकळीच राहते. पूर्वजांच्या रीती असोत किंवा सरकारी आदेश असोत, दोन्ही याच कसोटीवर तपासायला हवेत.

प्रश्न : सासूबाई अजूनही दुधाच्या पिशव्या सॅनिटायझरने पुसतात, भाजी साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि वर्तमानपत्र दुपारपर्यंत उन्हात ठेवतात. मी काही बोलले की त्यांना वाईट वाटते. यातले काय चालू ठेवावे आणि काय थांबवावे?
(एक गृहिणी, डोंबिवली)

उत्तर : सासूबाईंचे चुकले, असे कृपया म्हणू नका, मार्च २०२० मध्ये बहुतेक सर्वांना तसेच सांगितले जात होते. पुढे चित्र स्पष्ट झाले. करोनाचा विषाणू मुख्यतः हवेतून, म्हणजे बोलता-खोकताना बाहेर पडणाऱ्या बारीक तुषारांतून पसरतो आणि वस्तूला हात लागून लागण होण्याची शक्यता फार थोडी असते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये हा धोका साधारणपणे दर १०,००० स्पर्शांमागे एकाहून कमी असल्याचे सांगितले. त्यामुळे वर्तमानपत्र सकाळीच वाचायला हरकत नाही.

भाजीला साबण मात्र खरोखर थांबवा. भाज्यांच्या सालीत आणि पानांत साबणाचा अंश राहतो आणि त्याने पोट बिघडू शकते. वाहत्या पाण्याखाली चोळून धुणे पुरेसे आहे. कोथिंबीर, पालक यांसारख्या पालेभाज्या दोन-तीन पाण्यांतून काढाव्यात आणि कच्च्या खायच्या असतील तर अधिक निगुतीने धुवाव्यात. दुधाची पिशवी कापण्यापूर्वी नळाखाली धरण्यात काही वावगे नाही, ती वाटेत कुठे ठेवलेली असते हे आपण जाणताच. सॅनिटायझरची बाटली मात्र गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नये. त्यात निदान ६० टक्के अल्कोहोल असावे लागते आणि ते क्षणात पेट घेते.

सॅनिटायझरबद्दल एक गैरसमजही दूर करतो. करोनाच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते, ते साबणाने आणि अल्कोहोलने फाटते. परंतु उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसला असे आवरण नसते आणि त्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही. जंतांच्या अंड्यांवर तर चालतच नाही. ते चोळून, पाण्याबरोबर वाहूनच जावे लागतात. म्हणून शौचानंतर, बाळाचे ढुंगण धुतल्यावर आणि स्वयंपाकापूर्वी साबण-पाणी. सॅनिटायझर प्रवासात, रुग्णाला भेटताना आणि जिथे नळ नाही तिथे. पुसण्याफवारण्यात सासूबाईंचा जो वेळ वाचेल, तेवढ्या वेळात समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या तर घरात हवा खेळती राहील. श्वसनाच्या आजारांसाठी त्याचा उपयोग पिशव्या पुसण्यापेक्षा कितीतरी अधिक आहे.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत करोनाच्या काळात हात धुण्याचे केंद्र बांधले. आता त्याच्या तोट्या निघाल्या आहेत आणि उन्हाळ्यात टँकरचे पाणी पिण्यालाच पुरत नाही. अशा स्थितीत मुलांना वीस सेकंद हात धुवा, असे कसे सांगावे? साबण नसेल तर राख चालेल का?
(एक मुख्याध्यापक, बीड जिल्हा)

उत्तर : वीस सेकंद चोळायचे असते, वीस सेकंद पाणी सोडायचे नसते; ही गोष्ट प्रचाराच्या चित्रफितींत कधीच नीट सांगितली गेली नाही, कारण त्या सतत वाहणाऱ्या नळाखाली चित्रित झालेल्या असतात. तेवढा वेळ नळ चालू ठेवला तर एका मुलामागे सहज दोन लिटर पाणी जाते. हात ओले करावेत, पाणी थांबवावे, साबण लावून पंज्याची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा आणि नखे चोळावीत आणि मग धार सोडावी. अर्ध्या तांब्यात काम भागते. हे पाणी पिण्याइतके शुद्ध असण्याचीही गरज नाही, दिसायला स्वच्छ असले तरी चालते, त्यामुळे पिण्याच्या टाकीला हात लावावा लागणार नाही.

तोट्यांची वाट पाहू नका. पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन आडव्या काठीला टांगून, तोंडाजवळ भोक पाडून त्याला दोरी आणि दोरीला जमिनीजवळ एक लाकडी पट्टी बांधली की पायाने दाबून बारीक धार सोडता येते. झिम्बाब्वेत १९८० च्या दशकात तयार झालेली ही युक्ती आज अनेक देशांतील शाळांत वापरली जाते. तिला तोटी नाही, त्यामुळे चोरीला जाण्यासारखे काही नाही आणि धुतलेल्या हाताला पुन्हा कशाला शिवावे लागत नाही. साबणाच्या वड्या नाहीशा होतात ही तक्रार बहुतेक शाळांची असते. त्यावर बांगलादेशात यशस्वी ठरलेला उपाय असा : दीड लिटर पाण्यात सुमारे ३० ग्रॅम कपडे धुण्याची पूड मिसळायची आणि झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीत भरून ती केंद्रापाशी बांधून ठेवायची. खर्च नगण्य, आणि साबणाचे पाणी कोणी घरी नेत नाही.

राखेविषयीही आपण विचारले आहे. काहीच नसेल तेव्हा चुलीची कोरडी, स्वच्छ राख चालेल, पण माती नको. उघड्यावर शौचास बसण्याची सवय जिथे पूर्ण गेलेली नाही, तिथल्या मातीत जंतांची अंडी असू शकतात. हात धुण्याची वेळ शालेय पोषण आहाराच्या रांगेला जोडावी, हे सर्वांत महत्त्वाचे. खिचडीची ताटली हातात पडण्यापूर्वी रांग या कॅनवरून गेली, तर वेगळा कार्यक्रम, प्रतिज्ञा किंवा १५ ऑक्टोबरचा हात धुवा दिन यांवर अवलंबून राहावे लागणार नाही. संत गाडगेबाबांच्या नावाने आपल्या राज्यात ग्रामस्वच्छता अभियान चालते. ते स्वतः गावात गेले की आधी खराटा हातात घेत आणि कीर्तन संध्याकाळी करत.

प्रश्न : रस्त्यावर थुंकण्याला करोनात दंड होता. आता पुन्हा जिने आणि कोपरे रंगले आहेत. थुंकल्याने क्षयरोग पसरतो, असे फलक लावल्यास उपयोग होईल का?
(एक गृहनिर्माण संस्थेचे सचिव, नागपूर)

उत्तर : फलक लावा, पण त्यावर असत्य लिहू नका. केंद्र सरकारने १५ एप्रिल २०२० च्या आदेशात सार्वजनिक जागी थुंकणे दंडनीय ठरवले होते आणि ते योग्यच होते. मात्र क्षयरोग पसरतो तो मुख्यतः रुग्णाच्या खोकण्यातून हवेत तरंगणाऱ्या कणांमुळे. भिंतीवरच्या वाळलेल्या पिचकारीपासून त्याचा धोका फारसा नसतो. ती घाण आहे, ती दुसऱ्या कोणाला तरी खरवडावी लागते आणि ती तंबाखूची खूण आहे, एवढी कारणे पुरेशी आहेत. क्षयरुग्णाने बेडका झाकणाच्या डब्यात टाकावा आणि खोकताना तोंड झाकावे, हे मात्र आवर्जून लिहा. कोपऱ्यात देवांच्या फरशा बसवण्याचा प्रचलित उपाय मला पसंत नाही.

प्रश्न : मी हाँगकाँगमध्ये नोकरी करते. इथे साधी सर्दी झाली तरी लोक मुखपट्टी लावून कार्यालयात येतात. सुटीत ठाण्याला आल्यावर मी तसे केले, तर नातेवाईक दूर सरकले. आपल्याकडे ही सवय का रुजली नाही?
(एक वाचक, हाँगकाँग)

उत्तर : हाँगकाँगला ही सवय करोनाने लागली नाही, ती २००३ च्या सार्सने लागली. जपानमध्ये तर तिची मुळे १९१८ च्या फ्लूपर्यंत जातात. तिथे मुखपट्टी लावणारा ‘मला सर्दी आहे, तुम्हाला होऊ नये’ असे सुचवत असतो; आपल्याकडे ती स्वतःच्या बचावाची आणि पुढे दंडाच्या भीतीची वस्तू म्हणून आली, त्यामुळे दंड संपला तशी ती हनुवटीवरून खिशात गेली. नातेवाइकांना मुखपट्टी म्हणजे गंभीर आजार असे वाटत असावे. आपण ‘फक्त सर्दी आहे, तुमच्या बाळासाठी लावली आहे’ असे सांगून पाहा, बाळाची आई तरी नक्कीच जवळ बसेल.

मुखपट्टी, अंतर, बंद शाळा आणि थांबलेला प्रवास या सर्वांचा एकत्रित परिणाम किती मोठा असतो, हे फ्लूच्या एका वंशाने दाखवून दिले आहे. इन्फ्लुएन्झा बी विषाणूचा यामागाता नावाचा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने आढळलेला नाही आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो फ्लूच्या लशीतून वगळण्याची शिफारस केली. अर्थात यासाठी जगाने जी किंमत मोजली, ती दरवर्षी मोजता येणार नाही. सर्दी-तापात दोन-तीन दिवस मुखपट्टी, आणि ती नसेल तर कोपरात खोकणे, एवढे मात्र सहज जमण्यासारखे आहे.

आपण तिथे राहता म्हणून आणखी एक गोष्ट. सार्सच्या वेळी अमॉय गार्डन्स या वसाहतीत ३०० हून अधिक रहिवाशांना लागण झाली आणि ४२ जण दगावले. तपासात असे दिसले की, न्हाणीघरातील जमिनीच्या जाळीखालच्या वाकड्या नळीतले पाणी सुकले होते, कारण लोक फरशी धुण्याऐवजी फडक्याने पुसत होते, आणि पंखा लावताच सांडपाण्याच्या नळातली दूषित हवा आत ओढली जात होती. आपल्याकडचे प्लंबर या नळीला नहाणी ट्रॅप म्हणतात. सुटीत सदनिका बंद ठेवून गेलेल्यांना परतल्यावर जो उग्र वास येतो, तो ट्रॅप सुकल्याचाच असतो. हाँगकाँगमध्ये आठवड्यातून एकदा त्या जाळीत अर्धा लिटर पाणी ओतण्याचा सल्ला तेव्हापासून दिला जातो. ठाण्याच्या घरीही तसे सांगून ठेवावे.

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी महासाथीपासून दिवसातून असंख्य वेळा हात धुते. कातडी फुटून रक्त येते, तरी थांबत नाही. चांगली सवय म्हणून सोडून द्यावे का?
(एक आई, कोल्हापूर)

उत्तर : सोडून देऊ नये. फुटलेल्या कातडीत जंतू अधिक सहज शिरतात, म्हणजे ज्यासाठी हात धुवायचे तो हेतूच निष्फळ होतो. सध्या सौम्य साबण वापरा, गरम पाणी टाळा, हात टिपून कोरडे करा आणि लगेच खोबरेल तेल किंवा साधे व्हॅसलीन लावा. ती जेवणापूर्वी, शौचानंतर आणि बाहेरून आल्यावर धूत असेल, तर कातडी बरी होईपर्यंत एवढे पुरेल. परंतु धुऊन झाल्यावरही हात अस्वच्छच वाटत असतील, मोजून ठरावीक वेळा धुतल्याशिवाय चैन पडत नसेल किंवा अडवल्यावर ती घाबरीघुबरी होत असेल, तर हा मंत्रचळ, म्हणजे एकच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार, असू शकतो. रागावून किंवा साबण लपवून तो जात नाही. त्यावर समुपदेशन आणि गरज पडल्यास औषधे असे दोन्ही उपचार आहेत व मुलांमध्ये त्यांचा गुण चांगला येतो. आपल्या भागातील मानसोपचारतज्ज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्यावी आणि जाताना ती दिवसातून केव्हा व कशानंतर हात धुते, याची साधी टिपणे बरोबर न्यावीत.